ताई, मी ओमाहा चांगला खेळतो की नुसतं नशिबावर चाललंय?

हे पत्र ऐरोलीहून आलंय. नाव छापू नका म्हणालाय, म्हणून ऐरोलीकर म्हणूया. पत्र मोठं होतं, थोडं कापून देते. पोकर न खेळणाऱ्यांसाठी आधी चार शब्द: ओमाहा हा पोकरचा एक प्रकार, पॉट म्हणजे मध्ये जमलेले पैसे, पॉट लिमिट म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त पॉटएवढंच लावता येतं, ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी टाकायची ठरलेली रक्कम (५०-१०० मधले १०० म्हणजे बिग ब्लाइंड), बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना घेतलेले पैसे, फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडलेले पहिले तीन पत्ते, टर्न म्हणजे चौथा, रेज म्हणजे रक्कम वाढवणं, ऑल इन म्हणजे समोरचे सगळे पैसे लावणं, आणि व्हेरियन्स म्हणजे नशिबाचे चढउतार.

"ताई, वय ३४, ऐरोलीत राहतो, ऑफिसही इथेच, आयटीत आहे, मुलगी तीन वर्षांची. २०२३ पासून पॉट लिमिट ओमाहा रेग्युलर खेळायचो, पोरगी झोपली की साडेदहा ते एक, तीन टेबल, ५०-१०० चे ब्लाइंड. सगळं एक्सेलमध्ये आहे, एकूण दीड लाख हात. पहिल्या वर्षी साडेचार लाख वर होतो, पुढचं वर्ष बरोबरीत गेलं, मग जानेवारी २०२५ पासून जो आपटलो तो ऑगस्टमध्ये ॲप बंद होईपर्यंत तीन लाख खाली. आता मित्राबरोबर गोव्याला जातो, १००-२०० च्या टेबलावर. दोन वीकेंडमध्ये एक लाख वीस हजार गेले. शेवटचा हात ऐका: माझ्याकडे एक्का-एक्का-पंजी-तिर्री, पॉटमध्ये बारा हजार, दोघांकडे मागे साठ-साठ हजार. फ्लॉप गुलाम-दश्शी-चव्वी, तिन्ही वेगळ्या रंगाचे. मी पॉट मारला, त्याने पॉट रेज केला, मी ऑल इन. त्याच्याकडे राजा-राणी-नव्वी-अठ्ठी, जोडीसुद्धा नाही, आणि टर्नला सत्ती. त्या रात्रीचा बाय-इन क्रेडिट कार्डावरून काढला होता. तरी एकूण हिशेबात मी अजून तीस हजार प्लस आहे. बायकोला जिंकलेलं माहितीये, हरलेलं नाही. मित्र म्हणतो टेलिग्रामवर एक एजंट आहे, क्लब ॲपवर (खासगी ग्रुपात खेळायचं ॲप) क्रेडिटने चिप्स देतो, परत रोज खेळता येईल. मी चांगला आहे आणि व्हेरियन्स खातोय, की मला खेळताच येत नाही? आणि पाच पत्त्यांचा ओमाहा शिकू का?"

ऐरोलीकर, मी स्वतः ओमाहा खेळते, खेळ मला मनापासून आवडतो, त्यामुळे जुगार वाईट वगैरे लेक्चर देणार नाही. पण तुझं पत्र परत परत वाचलं आणि मला वाटतं तू जो प्रश्न विचारलायस त्याचं उत्तर तुला मिळणारच नाहीये, मी दिलं तरी ते खरं नसेल, आणि ते का मिळणार नाही हे नीट कळलं तर बाकीचं सगळं आपोआप ठरतं.

आधी तो हात, कारण तू तो नशिबाच्या खात्यात टाकलायस. ज्यांना ओमाहा माहीत नाही त्यांच्यासाठी, हातात चार पत्ते असतात, त्यातले बरोब्बर दोन वापरायचे आणि टेबलावरचे तीन, कमी नाही जास्त नाही. आता बघ. गुलाम-दश्शी टेबलावर आहेत आणि समोरच्याकडे राजा, राणी, नव्वी, अठ्ठी, याला रॅप म्हणतात हे तुला माहितीये, आणि चार पत्त्यांच्या ओमाहात याहून मोठा रॅप नसतोच. एक्का, राजा, राणी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, यातलं काहीही आलं की त्याची स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पत्ते, लागते. एरवी २० पत्ते, दोन एक्के तुझ्या हातात म्हणून १८. न दिसलेले पत्ते ४१. दोन पत्त्यांत त्या १८ पैकी एक तरी येण्याची शक्यता ६९ टक्के आहे. त्यातून कधीतरी तुझं फुल हाऊस (तीन एकसारखे आणि एक जोडी) वगैरे लागून सुटशील ते वजा केलं तरी साधारण दोन तृतीयांश पॉट त्याचा होता, पैसे आत जाताना, सत्ती येण्याच्या आधी. तू "जोडीसुद्धा नाही" लिहिलंयस ना, तिथेच गडबड आहे, कारण ही होल्डेमची, म्हणजे हातात दोनच पत्ते असलेल्या पोकरची, नजर झाली. पॉट झाला एक लाख बत्तीस हजारांचा, त्यातला तुझा वाटा साधारण चव्वेचाळीस हजार, आणि तू टाकलेस साठ. म्हणजे यातले सोळा हजार तुझ्या निर्णयाने गेले आणि चव्वेचाळीस नशिबाने. पंजी-तिर्रीवाले कोरडे एक्के, म्हणजे बाकीच्या पत्त्यांची साथ नसलेले, घेऊन, मागे पॉटच्या पाचपट पैसे असताना, गुलाम-दश्शीच्या फ्लॉपवर सगळं ढकलायचं नसतं, चेक करायचं आणि समोरून जोर आला की सोडायचं. मागे जेमतेम पॉटएवढे पैसे असते तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा आत जाणं ठीक असतं.

याचा अर्थ तुला खेळता येत नाही असा मी लावत नाहीये. एका हातावरून काहीच कळत नाही. मला दिसलं ते एवढंच की तुझ्या "व्हेरियन्स"च्या खात्यात तुझ्या चुकाही बसल्यात आणि तुला त्या वेगळ्या करता येत नाहीयेत, आणि ओमाहात हे भल्याभल्यांचं होतं, कारण इथे हात एकमेकांच्या इतके जवळ असतात. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर पाचातले चार वेळा जिंकते. ओमाहात एक्का-एक्का-राजा-राजा डबल सूटेड (दोन-दोन पत्ते एकाच रंगाचे), ज्याच्याहून भारी सुरुवात जवळजवळ नाहीच, तीसुद्धा गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठी डबल सूटेडसमोर साधारण साठ-चाळीसच असते. साठ-चाळीसवर रोज मोठमोठे पॉट होणार, तर चांगला खेळलास तरी हरशील आणि वाईट खेळलास तरी जिंकशील, आणि हे आठवडाभर नाही, महिनोन्महिने चालतं.

आता तुझी शीट. दीड लाख हात, ऑनलाइनचे दीड लाख रुपये वर, म्हणजे तुझ्या ब्लाइंडला १५०० बिग ब्लाइंड, म्हणजे शंभर हातांना एक. पॉट लिमिट ओमाहाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे निकाल किती वर-खाली होतात त्याचं माप, सहा जणांच्या टेबलावर शंभर हातांना साधारण १४० बिग ब्लाइंड धरतात, होल्डेमचं नव्वद-शंभरच्या आसपास. १४० धरून दीड लाख हातांचं गणित केलं तर तुझ्या त्या "एक"ला दोन्ही बाजूंनी साडेतीनचा हेलकावा येतो. खरा आकडा अडीच मायनस असू शकतो, साडेचार प्लस असू शकतो, आणि साडेचार प्लसवाला माणूस उत्तम खेळाडू असतो आणि अडीच मायनसवाला हळूहळू घर खाली करत असतो, आणि तुझी शीट या दोघांत फरक करू शकत नाही. पहिल्या वर्षीचे साडेचार लाख आणि नंतरचे मायनस तीन लाख, दोन्ही गोष्टी अगदी बरोबरीत खेळणाऱ्या माणसाच्या बाबतीत काही नवलाच्या नाहीत. आणि उलटही सांगते, शंभर हातांना पाच बिग ब्लाइंड कमावणारा खराखुरा चांगला रेग्युलर घेतला, तो एक लाख हात खेळला, तरी आठातल्या एका वेळेला त्या लाख हातांनंतर तो मायनसमध्येच बसलेला असतो. दहा हजार हातांनंतर तर तिघातला एक. हे वाचून बरं वाटून घेऊ नकोस, कारण हाच आकडा हरणाऱ्या माणसालाही "माझं फक्त नशीब खराब" म्हणत वर्षानुवर्षं बसवून ठेवतो.

बरं, तीस हजार प्लसचं. तुझ्या पत्रात टॅक्सचा शब्द नाही आणि मला खात्री आहे शीटमध्ये तो कॉलमही नाही. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के टॅक्स लागला, तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम ११५ बीबीजे, कुठलाही स्लॅब नाही, वर सेस, आणि पैसे काढताना किंवा वर्षअखेरीला टीडीएस कापला जायचा. तुझ्या साडेचार लाखांवर तो एक लाख पस्तीस हजार होतो. आणि पुढचा तोटा? तो या जिंकलेल्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढून नेता येत नाही, गोव्याचा तोटा तर नाहीच नाही. चढ आला की सरकारचा वाटा त्यात, उतार आला की तो सगळा तुझ्या एकट्याचा. म्हणजे साडेचारमधून एक पस्तीस गेले, तीन गेले, एक वीस गेले, तू लाखभर मायनस आहेस रे. गोव्याची तिकिटं, हॉटेल, एन्ट्री हे धरलंच नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून डिपॉझिटवर २८ टक्के जीएसटी लागला तो साइटवाले बोनस देऊन भरून काढायचे म्हणून तुला जाणवला नसेल, तोही सोडून देते. आज रात्री कॉलम टाक शीटमध्ये. शेवटचा आकडा लाल होईल, होऊ दे.

आणि आता या सगळ्यातली मुख्य गोष्ट. ऑनलाइन असताना तू म्हणू शकत होतास की अजून दोन लाख हात खेळतो, मग कळेल. ते दार बंद झालं, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली त्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे, सगळेच बंद केले. आता तुझ्याकडे उरलं लाइव्ह. लाइव्ह टेबलावर ओमाहाचे तासाला पंचवीस हात झाले तर खूप झाले, पॉट मोजायचा, रेज किती होतो ते डीलरला विचारायचं, कोणीतरी दोनदा रन करू, म्हणजे उरलेले पत्ते दोनदा उघडू, म्हणतो, वेळ जातोच. महिन्यातून एक वीकेंड, सोळा तास बसलास, ४०० हात. एक लाख हात व्हायला वीस वर्षांच्या वर लागतील. तुझी मुलगी नोकरीला लागेल तोवर. आणि त्या एक लाखानंतरही मघाचा आठातला एक आहेच. म्हणून म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला निकालातून कधीच मिळणार नाही, आणि जे कळणारच नाही त्याच्या भरवशावर घरचा पैसा लावायचा नसतो. रेग्युलर हा प्रकार रोजच्या हजारो हातांवर उभा होता, ते हातच राहिले नाहीत. तू आता ओमाहा आवडणारा एक नोकरदार माणूस आहेस. मला माहितीये हे ऐकायला जड जातं, रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडला की आपण ऑफिसमधल्या इतरांहून काहीतरी वेगळं करतोय, डोक्याने कमावतोय, ही भावना खोटी नव्हती, तीन टेबलं सांभाळत पॉट ऑड्स, म्हणजे पॉटच्या मानाने किती टाकणं परवडतं ते, काढणं हे काम आहेच. पण ते संपलंय आणि गोव्याचे दोन वीकेंड म्हणजे ते संपलं नाही असं स्वतःला दाखवायची धडपड वाटते मला.

आता क्रेडिट कार्ड. पूर्ण पत्रात एका ओळीत उरकलंयस आणि मी तिथेच सर्वात जास्त थांबले. कार्डावरून कॅश काढली की व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, खरेदीसारखे ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, वर काढण्याची फी वेगळी, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. ५०-१०० चा रेग्युलर ओमाहाला किमान पन्नास बाय-इन बाजूला ठेवतो, शंभर ठेवणारेही आहेत, आणि तू तुझ्या नेहमीच्या दुप्पट ब्लाइंडवर, तेही डीप, म्हणजे ब्लाइंडच्या मानाने खूप पैसे पुढे ठेवून, उसन्या पैशांवर बसलास, पोकरचं वेगळं खातंसुद्धा नाही तुझ्याकडे. ऑनलाइन असताना, शीट भरणारा, दहा हजारांच्या बाय-इनवर शिस्तीत बसणारा तू असं केलं असतंस का? पुढचा पगार झाला की पहिलं ते कार्ड पूर्ण फेड, मिनिमम ड्यू नाही, पूर्ण, आणि कमी पडले तर एफडी मोड. फेडलंस की बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाची कॅश लिमिट शून्य कर, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हे केल्यावरही जर महिन्याच्या शेवटी हात शिवशिवायला लागला, मित्राला न सांगता, बायकोला न सांगता ठाण्याहून रात्रीच्या कोकणकन्याचं तिकीट बघायला लागलास, हरलेले काढायचेत म्हणून, तर तो ओमाहाचा प्रश्न राहिला नाही. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला वेडबिड असावं लागत नाही. मी हे सावधगिरी म्हणून शेवटी चिकटवत नाहीये, तुझी ती एक ओळ वाचूनच लिहितेय.

टेलिग्रामवाला एजंट, नको. कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही, चालवणाऱ्याला करतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, हे मित्राने सांगितलं असेलच, आणि त्यातून "आपल्याला काय" असा अर्थ काढला असेल. पण विचार कर, जो माणूस ही जोखीम घेऊन चिप्स विकतोय तो तुझे जिंकलेले पैसे कुठल्या खात्यातून देणार? दर वेळी वेगळं नाव, वेगळा यूपीआय. त्यातलं एखादं खातं कुणाच्या तरी ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीत अडकलं की साखळीत तुझंही खातं फ्रीझ होतं, आणि तुझा तर पगार आणि पोकर एकाच खात्यात, होम लोनचा हप्ता बाउन्स झाला की घरी कळणारच, तेही सगळ्यात वाईट रीतीने. दुसरं, क्लब ॲपवर समोरच्या तिघांपैकी दोघं एकाच खोलीत बसलेत की नाही हे तुला कळायला मार्ग नाही. होल्डेममध्ये दोघांनी पत्ते सांगितले तर चार पत्ते कळतात. ओमाहात आठ. बावन्नमधले आठ पत्ते माहीत असलेल्या दोघांसमोर तुझं कसलं आलंय पॉट ऑड्स, आणि तक्रार करणार कुणाकडे? तिसरं, क्रेडिटने चिप्स. कार्डावर एकदा झालंय ना, तेच रोज होईल.

बायकोला सांग. या शनिवारी, पोरगी आजीकडे असेल किंवा झोपली असेल तेव्हा, शीट उघडून, टॅक्सच्या कॉलमसकट. तिला ओमाहा समजावत बसू नकोस, रॅप आणि व्हेरियन्स काढलंस की ती ऐकणं बंद करेल आणि तिचं बरोबर असेल. आधी आकडा सांग: लाखभर मायनस आहे, कार्डावर इतके आहेत, इतक्या तारखेला फेडतोय. मग सांग की जिंकलेलं सांगत होतो आणि हरलेलं लपवलं. ती चिडेल, पैशापेक्षा लपवण्यावर जास्त चिडेल, तेव्हा "पण पहिल्या वर्षी एसी त्यातूनच आला ना" टाइप काही बोलू नकोस. आणि पुढे काय करायचं हे ठरवून जाऊ नकोस, दोघं मिळून ठरवा. महिन्याला किती रुपये तुझ्या खेळाला, हा आकडा तिच्या तोंडून आला तर तो टिकेल. ती शून्य म्हणाली तर वर्षभर शून्य.

आकडा शून्य नसेल तर माझं म्हणणं असं: गोवा बंद, निदान हे वर्ष. ऐरोली-रबाळे-घणसोली पट्ट्यात ऑफिसात पत्ते खेळणारे चार लोक मिळतीलच, कुणाच्या तरी घरी, पाच-दहाचे ब्लाइंड, ठरलेला एक बाय-इन, संपला की चहा घेऊन घरी. एकच अट, घरवाला पॉटमधून कट काढत असेल, नाल म्हण किंवा रेक म्हण, तर तिथे बसायचं नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि जिथे घरमालक खेळातून कमावतो ती जागा त्या कायद्याच्या नजरेत जुगाराचा अड्डा ठरू शकते, तुमचा पोकर कौशल्याचा आहे की नाही हा मुद्दा नंतर कोर्टात. मित्रामित्रांतही मांडताना आधी एखाद्या वकिलाला विचारलंस तर उत्तम. छोट्या रकमेवर ओमाहा कमी मजेदार होतो हे मला पटत नाही, चार पत्ते उचलून बघतानाची ती उत्सुकता पाच रुपयांतही तीच असते, आणि फ्लॉपवर कोरडे एक्के सोडून द्यायचा सराव तिथे स्वस्तात होईल. प्रत्येक रात्रीचे दोन-तीन मोठे हात लिहून ठेव, पैसे आत जाताना तुझा वाटा किती होता तेवढंच काढ, जिंकलास की हरलास ते लिहूच नकोस. निकाल तुला काही सांगणार नाही, पण असे पन्नास हात जमले की तू कुठे चुकतोस ते बरंच दिसेल. हवं तर मला पाठव, मी बघेन.

राहिला पाच पत्त्यांचा ओमाहा. आत्ता नको. हात अजून जवळ येतात, एक्क्यांच्या जोडीची किंमत अजून घसरते, रॅप अजून मोठे होतात आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या पॉटमध्ये कुणाकडे तरी नट्स, म्हणजे त्या वेळी शक्य असलेला सर्वात भारी हात, असतातच, चार पत्त्यांत तुझी जी चूक झाली ती पाच पत्त्यांत जास्त महाग पडते. आधी चारांत कोरडे एक्के सोडता यायला लागू देत, मग लिही मला, पाच पत्त्यांवर सविस्तर बोलू.